मैदानातले अण्णा, घरातले अण्णा

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वाढलेल्या आणि सध्या नोकरीनिमित्त लातूरला राहणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे वडील चार महिन्यांपूर्वी, श्रावणात, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ५३. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. एसटीत ते वाहक होते. पण शाळेत असताना, १९८७-८८ च्या सुमारास, खो-खोचे नावाजलेले खेळाडू होते. जिल्ह्याच्या संघातून दोनदा राज्य स्पर्धेत खेळले आणि बारावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे खेळ सुटला. त्या संघातले मित्र येत्या जानेवारीत अण्णांच्या नावाने चार दिवसांची दिवस-रात्र स्पर्धा भरवू म्हणतात, शाळेच्या फाटकाजवळच्या चौकात अर्धपुतळाही बसवू म्हणतात. खर्च सहा लाखांच्या घरात, त्यातले दोन लाख घरच्यांनी द्यावेत अशी अपेक्षा आहे. काकांच्या मते वर्ष होईपर्यंत घराच्या नावाने कसलाही सोहळा नको. पुढच्या श्रावणात प्रथम पुण्यस्मरणाला कीर्तन आणि महाप्रसाद करावा. आई "तुम्हाला काय करायचं ते करा" एवढेच म्हणते. धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. शोकसभेत सगळे अण्णांच्या खेळावर बोलले. आईच्या ऑपरेशननंतर तीन महिने ड्यूटी सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारे अण्णा कुणाच्याच बोलण्यात आले नाहीत, याची सल या भगिनीला आहे. "ज्याचे स्मारक करायला निघाले आहेत, तो माणूस मी पाहिलेलाच नाही," असे त्या लिहितात आणि विचारतात : स्पर्धा करावी की कीर्तन? आणि मित्रांचा राग येतो, हा माझा कोतेपणा आहे का?

उत्तर :

तुमच्या चार पानी पत्रात तिसऱ्या पानावर, ओघात येऊन गेलेले एक वाक्य आहे. "अण्णा सकाळी आम्हाला हाक मारून उठवत नसत, पाठीवर हात ठेवून हळूच 'खो' म्हणत आणि आम्ही उठून बसत असू." हे लिहून तुम्ही लगेच खर्चाच्या हिशेबाकडे वळला आहात. मी मात्र त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडले.

खो-खोत खो पाठीमागूनच द्यावा लागतो, आणि हात लागणे व शब्द उच्चारणे एकाच वेळी व्हावे लागते. नुसता स्पर्श केला किंवा नुसते ओरडले तर तो नियमभंग ठरतो. चौकोनात बसलेला गडी त्याआधी उठू शकत नाही. तुमचे अण्णा केव्हाच सुटलेल्या खेळाचा हा नियम घरात, गोधडीत झोपलेल्या दोन लेकरांवर, रोज बिनचूक पाळत होते. खेळाडू अण्णा आपल्याला माहीतच नाहीत, असे तुम्ही म्हणता. मला वाटते, रोज सकाळी तेच तुम्हाला उठवत होते.

म्हणून सगळ्यात आधी मला तुमच्या पत्रामागच्या एका गृहीतकाविषयी बोलायचे आहे. मित्रांचे अण्णा वेगळे आणि आपले वेगळे, आणि एकाचे स्मारक झाले तर दुसरा पुसला जाईल, असे तुम्ही धरून चालला आहात. शोकसभेत जे घडले त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यात कोतेपणा मुळीच नाही. आपल्याकडच्या शोकसभांची रीतच अशी आहे की बाहेर माइकवर पुरुष बोलतात, घरच्या बायका आत बसून ऐकतात, आणि गेलेल्या माणसाचे जे बाहेर दिसले तेवढेच आयुष्य म्हणून सांगितले जाते. ऑपरेशन झालेल्या बायकोसाठी पहाटे चारला उठून भाकरी थापणारा, मग खाकी चढवून आगार गाठणारा वाहक कुणी पाहिलाच नव्हता, तर त्याच्याविषयी बोलणार कोण? ते पाहिलेली माणसे त्या सभेत तीनच होती, तुमची आई, तुमचा भाऊ आणि तुम्ही; आणि तुम्हा तिघांना कुणी बोलायला सांगितले नाही. तुमचा राग खरे म्हणजे या गोष्टीवर आहे. मित्र ते बोलले नाहीत, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हते.

आता त्या मित्रांकडे थोडे पाहू. भाऊ गेला तर भावाला सुतक असते, मुलगा अग्नी देतो, दहाव्याला नात्याची माणसे घाटावर जमतात. मित्रासाठी आपल्या शास्त्रात आणि रूढीत जवळजवळ काहीच ठेवलेले नाही. तो खांदा देतो, घरी जाऊन आंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो किंवा शाळेवर शिकवायला जातो. त्याला कुणी भेटायला येत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसांच्या संघातला गेलेला हा पहिलाच गडी असावा, असे तुमच्या पत्रावरून दिसते. स्पर्धेचा आग्रह हे त्यांचे दुःख आहे. ते त्यांना दुसऱ्या कोणत्या रीतीने करता येत नाही, म्हणून ते मंडप, प्रकाशझोत आणि चषकांच्या भाषेत बोलत आहेत.

त्यांच्याजवळ एक असा ठेवा आहे जो तुमच्याकडे कधीच येणार नाही, जर तुम्ही आत्ता मागितला नाही तर. १९८७ मध्ये तालुक्याच्या मैदानावर कुणी चित्रीकरण करत नव्हते. गुणपत्रके केव्हाच रद्दीत गेली असतील. संरक्षणाला तिघांची तुकडी आत उतरते, समोर आठ जण बसलेले आणि नववा मागावर, आणि त्यात एखादा पोरगा साखळी धरून, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, अडीच-तीन मिनिटे पळतो, हे ऐकायला थोडे वाटते. मैदानात उभ्या असलेल्या माणसाला ती तीन मिनिटे संपता संपत नाहीत. अण्णा हुलकावणी डावीकडे देत की उजवीकडे, खांबाजवळ सूर मारताना गुडघे फुटत तेव्हा काय करत, हरल्यावर रडत की गप्प बसत, हे आता फक्त आठ-दहा माणसांच्या डोक्यात आहे, आणि तीही वय होत चाललेली माणसे आहेत. तसेच अण्णा घरी कसे होते हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. मला कळकळीने सांगावेसे वाटते की, काहीही उभारण्याआधी ही देवाणघेवाण होऊ द्या.

आईविषयी. "तुम्हाला काय करायचं ते करा" हा होकार नाही आणि नकारही नाही. हा प्रश्न त्यांना कुणी, कुठे, कुणासमोर विचारला, याचा विचार करा. ओसरीवर दीर बसलेले, नवऱ्याचे मित्र खुर्च्यांवर बसलेले, आणि चार महिन्यांपूर्वी कुंकू पुसले गेलेली बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, तर ती दुसरे काय म्हणेल? तुम्ही लिहिले आहे की अण्णांची चामड्याची पिशवी दारामागच्या खिळ्याला अजून तशीच आहे, आणि आई दर आठ दिवसांनी खाकी गणवेश धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात ठेवते. आईचे स्मरण सुरू झालेले आहे. ते कुणाला दिसत नाही, एवढेच.

पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा स्पर्धा की कीर्तन, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवू नका. शेंगा फोडायला किंवा डाळ निवडायला त्यांच्याशेजारी बसा आणि लहान लहान गोष्टी विचारा. लग्नाआधी त्यांना अण्णांच्या खेळाचे ठाऊक होते का? खेळ सुटल्याचे अण्णांनी कधी बोलून दाखवले का? मैदानावर नाव लागलेले त्यांना आवडले असते का? आई एका बैठकीत बोलणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतील. आणि त्यांनी एखादी गोष्ट नको म्हटले, तर ती करायची नाही, इतका अधिकार त्यांचा आहे असे मी मानते.

पैशाच्या बाबतीत मी स्पष्ट लिहिते. सेवेत असताना गेलेल्या माणसाच्या घरी जी रक्कम येते, ग्रॅच्युइटी म्हणा, भविष्य निर्वाह निधी म्हणा, ती तुमच्या आईच्या पुढच्या तीस वर्षांची भाकरी आहे. त्यातले दोन लाख रुपये चार दिवसांच्या स्पर्धेला देऊ नका. कुणी कितीही प्रेमाने मागितले तरी देऊ नका. भावाचा अनुकंपा तत्त्वावरील नोकरीचा अर्ज अजून दिला नसेल, तर आधी तो द्या. त्याला मुदत असते. अण्णांनी आयुष्यभर पै-पैचा हिशेब जुळवून पेटी जमा केली. त्यांच्या नावाने घरावर ओझे चढावे हे त्यांना रुचले नसते, असे तुमच्या पत्रातल्या अण्णांना पाहून मला वाटते.

स्पर्धेची कल्पना मुळातच वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. धाराशिवच्या मातीत खो-खो आहे. भारतीय महिला संघाने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कर्णधार असलेल्या सारिका काळे याच जिल्ह्याच्या, आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. आपल्या शाळेच्या पटांगणातला खेळ इथवर पोहोचलेला पाहून, तो खेळ ज्यांच्या हातून निसटला त्या मित्रांना आपल्या गड्याचे नाव कुठेतरी लागावे असे वाटणे मला समजते. खेळाडूची ओळख उशिरा पटते, हेही आपल्याकडे नवे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, आणि त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला.

माझी काळजी वेगळी आहे. माझ्या आजोळी, परभणी जिल्ह्यातल्या एका गावी, तरुणपणी गेलेल्या एका कबड्डीपटूच्या नावाने अशीच मोठी स्पर्धा सुरू झाली होती. पहिल्या वर्षी बाहेरगावचे बावीस संघ आले, दुसऱ्या वर्षी नऊ आले, तिसऱ्या वर्षी वर्गणीवरून दोन गटांत भांडण झाले आणि स्पर्धा बंद पडली. पत्र्याची कमान तेवढी राहिली, नावातली दोन अक्षरे गळून पडलेली. त्या माणसाच्या मुली माहेरी येतात तेव्हा एसटीतून उतरून त्या कमानीखालूनच घरी जातात. मी त्यातल्या धाकटीला त्या ठिकाणी मान खाली घालून चालताना पाहिले आहे. जे दहा वर्षे चालवता येणार नाही, त्याला गेलेल्या माणसाचे नाव देऊ नये, असे मला तेव्हापासून वाटते.

पुतळ्याला माझा विरोध आहे. रस्ते, पदपथ आणि अशा सार्वजनिक जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे, त्यामुळे फाटकाबाहेरच्या चौकाचा विषय तिथेच संपतो. आवाराच्या आत बसवायचा म्हटले तर शिक्षण संस्था आणि शासकीय परवानगी आली. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचे सगळे कसब पायांत होते त्या धावकाचा छातीपर्यंतचा पुतळा बसवून आपण त्याचे नेमके काय जपणार?

काकांचे म्हणणे झिडकारू नका. त्यांचा सख्खा भाऊ गेला आहे आणि दुखवट्याच्या वर्षात सोहळा नको ही त्यांची भावना जुनाट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शिवाय कीर्तनाला गल्लीतल्या म्हाताऱ्या येतील, अण्णांच्या गाडीने रोज बाजाराला जाणाऱ्या बाया येतील, ज्या खो-खोच्या स्पर्धेला कधीच येणार नाहीत. पुढच्या श्रावणात कीर्तन ठेवा, जेवणावळ आटोपशीर ठेवा, आणि महाराजांना आधी भेटून अण्णांच्या घरातल्या दोन गोष्टी तुम्ही स्वतः सांगा. जमल्यास कीर्तनाआधी पाच मिनिटे भावाने किंवा तुम्ही उभे राहून त्या तीन महिन्यांच्या स्वयंपाकाचे सांगा. ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

आणि मित्रांसमोर मी सुचवते तो पर्याय ठेवून पाहा. शालेय स्पर्धांचा प्रवास तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा होतो, आणि खेड्यातल्या शाळेचा संघ पुष्कळदा खेळात हरण्याआधी गाडीभाड्यात हरतो. तालुक्याला जिंकलेल्या मुली जिल्ह्याला जात नाहीत, कारण बारा जणींचे जाण्यायेण्याचे तिकीट, एक वेळचे जेवण आणि सोबत एक बाई, एवढ्याची सोय होत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे मुलींच्या संघाला लागणारी रक्कम फार मोठी नाही. मित्रांनी मिळून शाळेकडे अण्णांच्या नावाने एक कायम ठेव ठेवावी. सात टक्के व्याज मिळाले तर दीड लाखाच्या ठेवीचे वर्षाला साडेदहा हजार होतात, आणि एवढ्यात शाळेच्या दोन संघांचे जिल्ह्यापर्यंतचे भाडे, गुडघ्यांचे पट्टे आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे बसते. जन्मभर लोकांची तिकिटे फाडलेल्या माणसाच्या नावाने पोरींचे तिकीट निघावे, यात मैदानातले अण्णाही आहेत आणि एसटीतलेही. घराने द्यायचेच तर तुमच्या पगारातून, झेपेल तेवढे, आईच्या रकमेला हात न लावता द्या. ठेव कुणाच्या नावावर, व्याज कशासाठी, सह्या कुणाच्या, आणि शाळा किंवा संघ बंद पडला तर रकमेचे काय, हे चार ओळींत लिहून घ्या. वर्गणी गावात जाहीरपणे गोळा करणार असाल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्या; मित्रांनी आपापसांत जमवलेल्या पैशांचाही हिशेब वहीत ठेवा.

मित्रांना सामने हवेच असतील, तर वर्ष झाल्यावर एका दिवसाचे, आसपासच्या पाच-सहा शाळांच्या चौदा वर्षांखालील मुलामुलींचे सामने शाळेच्या मैदानावर घेता येतील. श्रावणात मैदान ओले असते, म्हणून ते पावसाळा सरल्यावर घ्या. बक्षीस तुमच्या आईच्या हातून दिले जावे. त्यांना मंचावर जायचे नसेल तर मैदानाच्या कडेला उभ्या राहून द्यावे.

अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतर वाचकांनीही एक काम लांबणीवर टाकू नये. घरात जुनी प्रमाणपत्रे, संघाचे छायाचित्र, वर्तमानपत्रातले कात्रण असेल, तर ते प्लॅस्टिकमध्ये पक्के करून घेऊ नका. लॅमिनेशनच्या उष्णतेने जुना कागद खराब होतो आणि ते पुन्हा काढता येत नाही. आधी मोबाइलवर नीट उजेडात छायाचित्र काढा, मग मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. संघाच्या फोटोतल्या प्रत्येकाचे नाव विचारून वेगळ्या कागदावर रांगेप्रमाणे लिहा. जुन्या मित्राचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करताना "त्यांच्याविषयी काही सांगा" असे म्हणू नका, म्हणजे माणूस भाषण करतो. राज्य स्पर्धेला कोणत्या गाडीने गेलात, मुक्काम कुठे होता, डब्यात काय होते, असे विचारा. मग खरी माणसे बोलू लागतात.

लोक काय म्हणतील, याची भीती तुम्ही पत्रात दोनदा लिहिली आहे. चार दिवसांची स्पर्धा केली तरी लोक बोलतील आणि नाही केली तरी बोलतील. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, आहे. दुखवट्याचे वर्ष असल्याने तुमच्या घरी यंदा पूजा होणार नाही, शेतात कडब्याची कोप उभारली जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी शेतात कुणी यायला मज्जाव नसतो, आणि दुःखातल्या घराकडे पहिल्या सणाला आपली माणसे येतातच. तुम्ही स्वतः फोन करून त्या मित्रांना शेतावर बोलवा. त्यांनी आपापल्या घरची भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन यावे, तुमच्या आईने चूल पेटवू नये. काकांनाही बोलवा. स्पर्धेचा विषय त्या दिवशी कुणी काढू नये, एवढे आधी सांगून ठेवा. जेवणे झाली, ज्वारीच्या कडेला सतरंजीवर सगळे टेकले, की आईच्या ऑपरेशननंतरच्या त्या तीन महिन्यांचे तुम्ही त्यांना सांगा, आणि मग सकाळच्या 'खो'चे सांगा. घरात अण्णा तो हळूच म्हणत, असे तुम्ही लिहिले आहे. मैदानात ते कसे म्हणत, हे त्यांच्यापैकी एखाद्याला म्हणून दाखवायला सांगा.